आक्षेप क्रमांक ३१

सकाळी सहाला आमच्या कॉलनीत ‘फट्’ असा एक आवाज होतो. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी दचकतो, आठवडाभरात त्यावर घड्याळ लावायला लागतो. काकाजी दुपट्टा झटकतात, तो हा आवाज. झटकलेला दुपट्टा मग गाडीच्या टपावरून, बॉनेटवरून, आरशांवरून फिरतो. शेवटी काकाजी दार उघडतात, एक गुडघा सीटवर टेकवतात आणि स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेवर येतात. काचेवर ‘हाः’ करून वाफ सोडायची आणि जात्यावर बसल्यासारखं गोल गोल पुसत राहायचं. दळण संपेपर्यंत सात वाजतात.

वाशीमपासून रिसोडपर्यंत आणि कारंज्यापासून मानोऱ्यापर्यंत, जिथं म्हणून निवृत्तीच्या पैशातून घेतलेली पांढरी गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे, तिथं शेजारी खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक काकाजी उभा असतोच. त्यानं गाडी चालवायला घेतलेली नसते. पुसायला घेतलेली असते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्या काकाजींचं नववं वर्ष चालू होतं आणि सीटवरचा कंपनीचा पॉलिथिन कागद अजून जागेवर होता. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की त्या कागदावर बसणाऱ्याची पाठ चिकटते आणि उतरताना असा काही आवाज होतो की माणूस ओशाळून चौकात उभ्या असलेल्या मंडळींना उगाचच सांगतो, “सीट हाय, सीट.”

हीच शिस्त घरात. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. मोबाइलवर काच, काचेवर कव्हर, कव्हरवर काकूंच्या हातची शिवलेली थैली. फोन उचलायला तीन पदर सोडावे लागतात, तोवर समोरचा कंटाळून ठेवून देतो. काकाजी म्हणतात, “ज्याले काम असन तो पुन्हा करन.”

गाडीवर इतका जीव, म्हणून बाजाराला जायला लुना. भाजी आणायला लुना, बँकेत लुना, लग्नाला लुना. पावसात तर लुनाच, कारण गाडीला चिखल लागतो. गाडी महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर जाऊन चाकांत हवा भरून येते, बॅटरी उतरू नये म्हणून. तो दिवस काकाजींच्या घरी पोळ्यासारखा असतो. बैल जुंपायचा नाही, फक्त सजवून मिरवून आणायचा.

काकाजी पंचायत समितीत लेखा विभागात होते. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यांचा जिल्हा बदलला, टेबल तेच राहिलं. गाडीला एमएच ३० ऐवजी एमएच ३७ लागतं याचं त्यांना आजही मनापासून कौतुक आहे. नंबरप्लेट ते वेगळ्या फडक्यानं पुसतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधलेल्या माणसाला निवृत्तीनंतर चुका मिळेनाशा झाल्या की तो हवालदिल होतो. अशा वेळी काकाजींना मीटरच्या काचेवर पहिला ओरखडा दिसला. काकू म्हणतात, त्या दिवशी ते महिन्याभरात प्रथमच पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी नोंदवही आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. एक नोंद अशी होती: ‘आक्षेप क्र. ७. स्थान : वेगदर्शकावरील ६० व ८० या आकड्यांमध्ये. लांबी : अर्धा इंच. संशयित : नातू (दिवाळी सुटी). पुरावा : घटनास्थळी चिवड्यातील शेंगदाणा, एक.’ आणखी एक: ‘आक्षेप क्र. १२. संशयित : शेजारी (नाव घेणे उचित नाही). त्यांनी बोट लावून “हे काय आहे?” असे विचारले होते.’ तो शेजारी मी. बोट लावलं होतं हे खरं, नख मात्र कापलेलं होतं. माझी बाजू मांडायला त्या वहीत रकाना नव्हता.

बघता बघता आक्षेप तीसवर गेले. सकाळचं कोवळं ऊन समोरच्या काचेतून तिरपं आत आलं की मीटरवर कोळ्याचं जाळं उमटायचं. गोल गोल, एकात एक गुंतलेल्या हजारो बारीक रेघा. काकाजी त्यातल्या फक्त ठळक नोंदवायचे. बाकीच्यांना ते ‘किरकोळ’ म्हणत.

आता खरं सांगायचं तर ती काच नसतेच. ते ॲक्रिलिक नाहीतर पॉलिकार्बोनेट असतं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर जी पारदर्शक झाकणं असायची, ती याच ॲक्रिलिकची. हलकं, स्वस्त, काचेसारखं फुटून अंगावर न येणारं. पण मऊ. आणि आमच्याकडची धूळ मऊ नाही. दसऱ्याच्या सुमाराला मळणीयंत्रं सुरू झाली की सोयाबीनचं कुटार गावभर उडतं, त्यात रस्त्यावरचा मुरूम, गिट्टीच्या डंपरमागून उडणारी दगडाची भुकटी. त्या दगडापुढं प्लॅस्टिक म्हणजे लोणी. अशी धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की फडकं धूळ उचलत नाही, ती काचेवर फरफटत नेतं. शिवाय कोरडं प्लॅस्टिक घासलं की त्यात वीज साठते, आपण लहानपणी केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचो तशी. म्हणजे जितकं पुसाल तितकी नवी धूळ ते ओढून घेणार, आणि ती पुसायला उद्या पुन्हा सहा वाजता ‘फट्’.

ओल्या फडक्यानं पुसलं असतं तर निम्मे आक्षेप टळले असते. पण एकबुर्जीचं पाणी नळाला कधी येणार हा आमच्याकडे उन्हाळी राजकारणाचा विषय आहे, आणि अशा गावात गाडीवर पाणी ओतणारा माणूस काकाजींच्या लेखी अपहार करणारा. बचत म्हणून ते कोरडं पुसत होते. एकतीस ओरखड्यांमागं एक सद्गुण होता, आणि तो खांद्यावर टाकून ते कॉलनीभर आरोपी शोधत होते.

मी हे त्यांना सांगितलं नाही असं नाही. एकदा म्हणालो, “काकाजी, रोज पुसता, त्यानं तर होत नसेल?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आई पोराला भरवते म्हणून पोर आजारी पडलं असंच मी म्हणालो होतो. त्या संध्याकाळी वहीत आक्षेप क्र. १२ खाली ‘दिशाभूल करण्याचा प्रयत्न’ असा शेरा वाढला.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडे दुखण्याला डॉक्टर कमी आणि ओरखड्याला वैद्य फार.

पहिला वैद्य पानटपरीवाला. “टुथपेस्ट लावा.” सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. पांढऱ्या पेस्टमध्ये बारीक खडू असतो, ओल्या मऊ कापडावर चिमूटभर घेऊन हलक्या हातानं चोळला तर अगदी वरवरच्या रेघा विरतात. पण काकाजींच्या घरी पेस्ट नव्हती, लाल दंतमंजन होतं. त्यातली गेरू ओरखड्याओरखड्यात जाऊन बसली. पूर्वी जे जाळं फक्त उन्हात दिसायचं, ते आता रात्री टॉर्चच्या उजेडातही नकाशातल्या रस्त्यांसारखं लाल दिसायला लागलं. काकाजी दोन दिवस जुन्या ब्रशनं गेरू काढत होते. आक्षेप क्र. २४ ते २७ त्या ब्रशचे. संशयित म्हणून मात्र पानटपरीवाल्याचं नाव आहे.

दुसरा उपाय काकूंचा: खोबरेल तेल. बोटभर तेल लावलं आणि चमत्कार झाला. काच नव्यासारखी! काकाजींनी सगळ्या कॉलनीला बोलावून दाखवली. चमत्काराचं कारण शाळेच्या विज्ञानात आहे. ओरखड्यातली हवा आणि प्लॅस्टिक यांत प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून ओरखडा चमकतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, खोबरेल तेलाचा १.४५ च्या आसपास. तेल ओरखड्यात भरलं की प्रकाशाला फरक फारसा कळत नाही आणि तो सरळ निघून जातो. फरक धुळीला कळतो. संध्याकाळपर्यंत शेजारच्या शेतातलं निम्मं कुटार त्या तेलावर मुक्कामाला आलं. मीटरला दाढी फुटली.

तिसरा वैद्य रंगारी. त्यानं कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून डाव्या कोपऱ्यात, बरोबर पेट्रोलच्या काट्यावर टेकवला. थिनर म्हणजे प्लॅस्टिकचा काळ. क्षणात तिथं मोतीबिंदू झाला. पांढरा ढग, आत केसासारख्या बारीक तड्या. ते ओरखडे नव्हेत, प्लॅस्टिकच आतून फाटलेलं. रंगारी म्हणाला, “सुकलं की जाईन.” तो गेला. ढग राहिला.

काकाजींना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. म्हणजे नात्यानं तिथली चित्रं आमचीच. ती जपायची म्हणून निजामानं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला थेट इटलीहून जाणकार आणले. त्यांनी पडणारे पापुद्रे बसवले आणि वरून लाखेचं रोगण दिलं. पुढं ते रोगण पिवळं पडत गेलं आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची हयात गेली. इटलीच्या तज्ज्ञांचं जिथं असं झालं, तिथं आमचा रंगारी काय घेऊन बसलात!

गॅरेजवाल्यानं सांगितलं की नुसती काच सुटी मिळत नाही, अख्खं मीटरच बदलावं लागेल. काकाजी तडक घरी आले. खर्चाचं कारण होतंच, पण मीटर बदललं की किलोमीटरचा आकडा बदलणार, आणि जुन्या आकड्याचा नव्या आकड्याशी मेळ कोण घालणार? तशी त्या आकड्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नसे.

“काकाजी, गाडी किती चालली आतापर्यंत?”

“चालते ना गा, मस्त चालते.”

“तसं नाही, किलोमीटर किती झाले?”

“आता दिसत नाई ना बाप्पा काचेतून. ओरखडे पडले ना.”

या विषयात काकूंचाही एक आक्षेप होता, वहीत न चढलेला. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातून तो जातो, शेलूबाजारला चढलं की थेट शिर्डीची वाट. काकूंनी त्याच आठवड्यात साईबाबांना नवस बोलून टाकला. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे लुना बाद. काकाजींनी त्यावर सांगितलं, आधी काच होऊ दे. ५ जून २०२५ ला तो रस्ता मुंबईच्या दारात आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर पुरा झाला, काच काही झाली नाही. काकू भांडी घासता घासता भिंतीला ऐकवत, “पुसूनपुसून गाडीच्या आंघोळी झाल्या. शिरडी काई झाली नाई.”

शेवटी उपाय सापडला पाटणी चौकाजवळच्या एका बोळातल्या घड्याळजीकडे. दुकान म्हणजे काचेचं एक कपाट आणि मागं एक माणूस, डोळ्यात भिंग अडकवलेला. एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, त्या जनता आणि पायलट घड्याळांवरची काच ॲक्रिलिकचीच. लग्नात जावयाला एचएमटी मिळायचं, जावई ते घालून शेतात जायचा आणि वर्षभरात काच आंधळी व्हायची. पुढं कंपनीच्या घड्याळांना २०१६ मध्ये सरकारनं टाळं लावायचं ठरवलं, तोवर या माणसानं किती जावयांना वेळ दाखवली असेल कोण जाणे.

गॅरेजच्या पोरानं बॅटरीची तार काढली, मीटर खोललं आणि वरचं पारदर्शक झाकण तेवढं अलगद सोडवून दिलं. काट्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. झाकण घेऊन काकाजी लुनावर निघाले, मी मागं बसलो. झाकण जपून नेलं होतं. कशात, ते विचारू नका.

घड्याळजीनं गाठोडं सोडलं. झाकण दिव्याखाली तिरपं धरून भिंगातून पाहिलं. मग ज्यात ते आलं होतं तो दुपट्टा चिमटीत धरून पाहिला.

“हे कोन पुसते रोज?”

“म्या,” काकाजी अभिमानानं म्हणाले.

“यानंच?”

“हाव.”

घड्याळजीनं दुपट्टा काउंटरवर हलकेच झटकला. काउंटरच्या काचेवर बारीक रेतीचा सडा पडला. “हा दुपट्टा नाई काकाजी. हा पालिश पेपर हाय.”

काकाजी काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी शेजाऱ्यानं समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं असतं.

मग त्यानं कामाला हात घातला. आधी साबणाच्या पाण्यात झाकण बुडवून बोटांनी धुतलं, फडक्यानं नाही. प्रत्येक ओरखड्यावरून नख आडवं फिरवलं. जिथं नख अडकलं ते दोन ओरखडे बाजूला टाकले. “हे राहू द्या. हे काढाले गेलो तं काच पातळ होऊन पाह्याले लहर मारते.” मग हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, बोटभर ठोकळ्यावर गुंडाळून, सरळ उभ्या रेघांत घासायला सुरुवात केली. गोल नाही. दोन मिनिटांत अख्खं झाकण दुधासारखं पांढरं झालं. आरपार काही दिसेना.

काकाजी स्टुलावर बसले. त्यांनी पाणी मागितलं. एकतीस रेघा काढायला आणलेली काच या माणसानं एकसंध आंधळी केली होती, आणि तोंडानं तो सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता.

“अगा, काय करून रायला तू हे!”

“आता पाहा.” त्यानं दोन हजारचा पेपर घेतला, आता आडव्या रेघांत. “उभ्या रेघा पुऱ्या गेल्या की समजाचं पहिला हात संपला.” मग तीन हजार, पुन्हा उभा. “ओरखडा कोनी काढू शकत नाई काकाजी. ओरखडा म्हंजे खड्डा. खड्डा निघते का कुठं? त्याच्या आजूबाजूचं सारं घासून त्याच्याएवढं खाली आनाव लागते. मंग तो दिसत नाई.”

काकाजींच्या चेहऱ्यावर तेवढ्यात पहिल्यांदा रंग आला. “आमच्या हापिसात हेच चाले,” ते म्हणाले. “एकाचा घोटाळा सापडला की त्याले वर नोते आनत. बाकीच्याइले खाली नेत. मंग आडिटले काई दिसे नाई.”

शेवटी फ्लॅनेलच्या कापडावर पांढऱ्या पॉलिशचा ठिपका. हळू हात, कारण जोरात घासलं की प्लॅस्टिक तापून वितळतं. बोळातल्या उजेडात झाकण हळूहळू नाहीसं होत गेलं. पंधरा मिनिटांनी घड्याळजीच्या हातात काही आहे की नाही ते कळेना. फक्त थिनरचा ढग आपल्या जागी होता, पेट्रोलच्या काट्यावर. “ते नाई जात,” तो म्हणाला. मजुरी इतकी थोडी सांगितली की काकाजींनी सवयीनं पावती मागितली.

घरी येताना झाकण काकूंच्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात होतं, ओल्या. दुपट्टा लुनाच्या डिकीत. त्या रात्री वहीत नोंद झाली: ‘आक्षेप क्र. १ ते ३१ निकाली. जबाबदारी निश्चिती : प्रलंबित.’

दुसऱ्या दिवशी पोरानं झाकण बसवलं, बॅटरीची तार जोडली. सगळी कॉलनी गाडीभोवती. काकाजींनी किल्ली फिरवली आणि मीटर उजळलं. काटे, आकडे, बारीक बारीक खुणा, नऊ वर्षांत दिसलं नव्हतं इतकं लख्ख. काकू बाजूच्या सीटवर, पॉलिथिनवर बसल्या होत्या. त्या वाकल्या आणि मीटरमधला आकडा मोठ्यानं वाचला.

“दोन हजार तीनशे शेहेचाळीस.”

कोणी काही बोललं नाही. गॅरेजच्या पोरानं मनात भागाकार केला असावा, तो हसू दाबायला बॉनेटमागं गेला.

“नऊ वर्सात?” काकू म्हणाल्या. “माह्या पायानं याच्याहून जास्त झालं असन. देवपूजेच्या फुलाइसाठीच.”

पुढच्या गुरुवारी पहाटे गाडी निघाली. मला मागच्या सीटवर साक्षीदार म्हणून घेतलं. शेलूबाजारला महामार्गावर चढलो, तिथं गाडीला १२० ची मुभा आहे. काकाजींनी पन्नास गाठले आणि घाम पुसला. पेट्रोल किती आहे ते ढगामुळं कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून काकू दर थोड्या वेळानं बाबांचं नाव घेत होत्या. मालेगाव मागं पडलं. एक ट्रक शेजारून सणसणत गेला, उघड्या खिडकीतून धुळीचा एक लोट आत आला आणि उगवत्या उन्हात सावकाश, कण कण करत मीटरच्या काचेवर उतरला.

काकाजींचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि खांद्याकडे गेला. खांद्यावर काही नव्हतं. त्यांनी गिअरजवळ चाचपलं, दाराच्या कप्प्यात चाचपलं, मग काकूंकडे पाहिलं.

काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. दुपट्ट्याचं एक टोक त्यांच्या मांडीखालून जरासं बाहेर आलं होतं. त्यांनी ते आत खोचलं.